गोठणं आणि स्थिरावणं

हिवाळ्यात आमच्या घरी रात्रभर मंद आचेवर बकऱ्याचे पाये शिजत. अम्मी पहाटे पातेलं चुलीवरून उतरवी. उरलेला रस्सा गार होऊन असा गोठायचा, की पातेलं हलवलं तर नुसता थुलथुलायचा. "पाण्याचं हे काय झालं?" असं विचारलं, की अम्मी म्हणायची, "जम गया!" तेवढ्यावर माझं समाधान व्हायचं. पुढं बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. विज्ञान राहूनच गेलं. या वयात थोडं वाचू लागलो, तेव्हा कळलं, की 'जम गया' म्हणण्यात आपण जरा घाईच करतो.

हाडं, कातडी उकळली, की त्यांतल्या कोलॅजनच्या तीनपदरी वेण्या सुटतात आणि जिलेटिनच्या मोकळ्या साखळ्या पाण्यात उतरतात. तापमान साधारण ३० अंश सेल्सिअसच्या खाली आलं, की या साखळ्या जागोजागी पुन्हा वेण्या घालू लागतात. त्यांचं जाळं होतं, जाळ्यात पाणी अडकतं. झाली जेली! पण झटकन गार केलं, तर वेण्या घाईत, वेड्यावाकड्या पडतात. मग सुटणं-जुळणं चालूच राहतं. जेली दिवसेंदिवस घट्ट होत जाते. वेग तेवढा मंदावतो. शास्त्रज्ञ याला जेलीचं 'वय होणं' म्हणतात आणि ते वय गार झाल्या क्षणापासून मोजतात.

ही आतली घालमेल पाहायची कशी? १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन यांना परागकणांतले सूक्ष्म कण पाण्यात अखंड थरथरताना दिसले. पाण्याचे रेणू त्यांना धक्के देतात, हे आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये उलगडून दाखवलं. गंमत अशी, की जे रेणू कणाला ढकलतात, तेच त्याची वाटही अडवतात. सगळं स्थिरावलेलं असलं, की थरथर आणि अडवणूक यांचा हिशेब तापमानाशी चोख जुळतो.

फ्रान्समधल्या लियों इथं चिलिबेर्तो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिलेटिनच्या थेंबातला एक इवलासा मणी प्रकाशाच्या चिमट्यात धरला. भोवतालचं जिलेटिन लेसरनं वितळवलं आणि क्षणार्धात गार होऊ दिलं. २०११ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. गार झाल्यावर सुरुवातीचा काही काळ मणी हिशेबापेक्षा जास्त थरथरत होता. तापमान तर उतरून थांबलेलं! ही जास्तीची थरथर होती विणल्या जाणाऱ्या जाळ्याची. सरासरीनं पाहता मण्याकडून किंचित किंचित उष्णता भोवताली जात होती. जेलीचं वय वाढलं, तशी ही तफावत मिटत गेली.

अम्मी गेल्यावर काही महिन्यांनी लोक म्हणू लागले, "आता सावरलात तुम्ही." मीही मान हलवायचो. वरून सगळं शांत होतं. चहाचा कप उचलताना हात तेवढा थरथरायचा. आज कुणी तसं म्हणालं, तर सांगेन, "गोठलो होतो खरा. स्थिरावायला वेळ लागतो."