संकेतस्थळ मंदावते तेव्हा : दोषशोधक साधनाची अचूक मांडणी का महत्त्वाची?

रायपूर : छत्तीसगडच्या राजधानीतील शंकर नगर हा परिसर शिक्षण क्षेत्राला प्रामुख्याने राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेमुळे परिचित आहे. कोरोनाच्या टाळेबंदीत शाळांची दारे बंद झाली, तेव्हा राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने ७ एप्रिल २०२० रोजी ‘पढई तुंहर दुआर’ हे संकेतस्थळ सुरू केले. छत्तीसगढी भाषेतील या नावाचा अर्थ ‘शिक्षण तुमच्या दारी’ असा होतो. शाळा, प्रवेश, शिष्यवृत्ती, निकाल असे शिक्षणाचे बहुतेक व्यवहार आता संकेतस्थळांवर आले असून, ते मंदावले किंवा बंद पडले तर विद्यार्थी, पालक आणि शिक्षक अशा सर्वांनाच त्याचा फटका बसतो.

महाराष्ट्राने याचा अनुभव १६ जुलै २०२१ रोजी घेतला. दहावीचा निकाल दुपारी १ वाजता जाहीर झाला. मात्र एकाच वेळी लाखो विद्यार्थ्यांनी धाव घेतल्याने निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती. अशा प्रसंगी ‘सर्व्हर वाढवा’ हा पहिला सल्ला दिला जातो. तथापि, एक पान तयार करण्यासाठीच आज्ञावलीला अवाजवी श्रम पडत असतील, तर नवे सर्व्हर घेऊनही खर्च वाढतो, दुखणे कायम राहते. हे श्रम नेमके कुठे वाया जातात, हे दाखविणारी साधने उपलब्ध आहेत. त्यांची मांडणी योग्य झाली तर ती उपयोगी ठरतात. चुकली तर तीच धोक्याची ठरतात.

दोन साधने, दोन प्रश्न

दोषशोधक म्हणजे डीबगर. ‘काय चुकले?’ या प्रश्नाचे उत्तर तो शोधतो. आज्ञावली ठरावीक ओळीवर थांबवून त्या क्षणी कोणत्या चलात कोणती किंमत आहे, हे तो दाखवितो. प्रोफाइलर मात्र ‘वेळ कुठे गेला?’ हे सांगतो. कोणते फंक्शन किती वेळा चालले आणि प्रत्येकाने किती वेळ व स्मृती खर्च केली, याचा हिशेब तो मांडतो.

हा हिशेब मांडल्याशिवाय सुधारणा करणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७१ मध्ये फोरट्रान भाषेतील आज्ञावलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. आज्ञावलीचा ४ टक्क्यांहून कमी भाग साधारणपणे निम्म्याहून अधिक वेळ खातो, असे त्यात आढळले होते. तो भाग कोणता, याबाबत अनुभवी प्रोग्रामरचा अंदाजही अनेकदा चुकतो.

एक उदाहरण पाहू. शिक्षकाने वर्गाचे पान उघडले. आज्ञावलीने ४० विद्यार्थ्यांची यादी एका प्रश्नात डेटाबेसकडून घेतली आणि नंतर प्रत्येकाची हजेरी स्वतंत्रपणे विचारली. म्हणजे एकूण ४१ फेऱ्या झाल्या. एका फेरीस ५ मिलिसेकंद धरले, तरी २०५ मिलिसेकंद केवळ विचारपूस करण्यात गेले. हीच माहिती दोन प्रश्नांत मिळू शकते. चाचणीच्या वेळी वर्गात पाचच नावे असतात, त्यामुळे हा दोष जाणवत नाही. प्रत्यक्ष वापरात हजारो शिक्षक सकाळी एकाच सुमारास हजेरी भरू लागले की तो उघडा पडतो.

मांडणी कशी करावी?

जगातील बहुसंख्य संकेतस्थळे पीएचपी या भाषेवर चालतात. या भाषेसाठी डेरिक रेथान्स यांनी तयार केलेले ‘एक्सडीबग’ हे साधन २००२ पासून वापरात आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने त्याची मांडणी बरीच सोपी केली. तरीही चार गोष्टींकडे काटेकोर लक्ष द्यावे लागते.

पहिली गोष्ट ‘मोड’ची. साधनाने कोणते काम करायचे, हे या एका सेटिंगने ठरते. दोष शोधताना ‘डीबग’, वेळेचा हिशेब घेताना ‘प्रोफाइल’ आणि काम नसेल तेव्हा ‘ऑफ’ अशी किंमत द्यावी. सर्व प्रकार एकत्र सुरू ठेवल्यास संकेतस्थळाचा वेग लक्षणीय घटतो.

दुसरी गोष्ट, काम केव्हा सुरू व्हावे याची. येथे अनेक जण फसतात. वेगळी सूचना नसल्यास ‘डीबग’ प्रकारात साधन इशाऱ्याची वाट पाहते. ‘प्रोफाइल’ प्रकारात मात्र ते प्रत्येक विनंतीगणिक नवी फाईल लिहू लागते. परिणामी डिस्क भरत जाते. त्यामुळे ‘ट्रिगर’ हा पर्याय निवडावा. मग पत्त्यात किंवा कुकीमध्ये ठरावीक खूण असलेल्या विनंतीचीच नोंद होते. ही खूण गुप्त शब्दाने बांधून घेण्याचीही सोय आहे.

तिसरी गोष्ट जोडणीच्या दिशेची. प्रोग्रामरचा संगणक सर्व्हरशी जोडला जातो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सर्व्हर प्रोग्रामरच्या संगणकाशी संपर्क साधतो. त्यामुळे त्या संगणकाचा पत्ता सर्व्हरला सांगावा लागतो आणि फायरवॉलमध्ये वाट मोकळी ठेवावी लागते. तिसऱ्या आवृत्तीत पोर्ट ९००० ऐवजी ९००३ करण्यात आला आहे. जुने मार्गदर्शन वाचून ९००० लिहिणाऱ्यांची जोडणी होत नाही. डॉकरसारख्या कंटेनरमध्ये ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनरच असतो, प्रोग्रामरचा संगणक नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते.

चौथी गोष्ट फाईल कुठे साठवायची याची. त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी सर्व्हरला हवी. मात्र तो फोल्डर ब्राउझरमधून उघडता येऊ नये. बदल केल्यावर पीएचपीची सेवा पुन्हा सुरू करून नवी मांडणी लागू झाल्याची खात्री करावी.

हाती आलेली फाईल केकॅशेग्राइंडसारख्या साधनात उघडल्यावर फंक्शनचा स्वतःचा वेळ आणि त्याने बोलावलेल्या फंक्शनांसह एकूण वेळ असे दोन आकडे दिसतात. एकूण वेळ मोठा व स्वतःचा वेळ नगण्य असेल, तर दोष त्या फंक्शनात नसून खालच्या पायरीवर असतो. मोजणाऱ्या साधनाचाही भार पडत असल्याने सेकंदांपेक्षा प्रमाणाकडे पाहावे आणि दुरुस्तीनंतरचा खरा वेग साधन बंद ठेवून तपासावा. प्रोफाइलर एका विनंतीची किंमत सांगतो. एकाच वेळी येणारी गर्दी पेलेल का, यासाठी भारचाचणी वेगळी घ्यावी लागते.

उघडे राहिलेले दार

ही साधने विकासाच्या संगणकासाठी आहेत, जनतेसाठी खुल्या असलेल्या सर्व्हरसाठी नाहीत. कलाकारांना आर्थिक पाठबळ मिळवून देणाऱ्या पेट्रिऑन या अमेरिकी संकेतस्थळाची डीबग आवृत्ती सप्टेंबर २०१५ मध्ये सार्वजनिक जाळ्यावर उघडी राहिली. त्यातून घुसखोरी होऊन वापरकर्त्यांची नावे, ई-मेल व टपाली पत्ते बाहेर पडले. जानेवारी २०२१ मध्ये लॅराव्हेल या लोकप्रिय चौकटीसोबत येणाऱ्या त्रुटी-पानातील गंभीर दोष उजेडात आला. डीबग प्रकार सुरू असलेल्या सर्व्हरवर हल्लेखोराला आपली आज्ञावली चालविता येत होती.

भारतात याला कायद्याचेही परिमाण आहे. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आणि १८० दिवसांच्या नोंदी जपणे बंधनकारक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, डेटाच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक ठरतो. शालेय संकेतस्थळांवरील बहुतांश नोंदी बालकांच्याच असतात.

त्यामुळे प्रत्यक्ष सर्व्हरवर एक्सडीबग बसवूच नये. तेथे डेटाबेसची संथ प्रश्नांची नोंद उपयोगी पडते. मायएसक्यूएलमध्ये तिची मूळ मर्यादा १० सेकंद आहे. ती कमी केल्याशिवाय रेंगाळणारे बहुतेक प्रश्न नोंदीत येतच नाहीत. त्रुटी आल्यास वापरकर्त्याला साधा संदेश दिसावा आणि तपशील सर्व्हरवरील नोंदवहीत जावा.

गावातील शिक्षकाला यातील कोणतीही संज्ञा ठाऊक असण्याची गरज नाही. क्षीण नेटवर्कवर त्याने उघडलेले पान वेळेत यावे आणि त्याच्या विद्यार्थ्यांची माहिती सुरक्षित राहावी, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पूर्ण होणे अनेकदा मांडणीच्या फाईलमधील दोन-चार ओळींवर अवलंबून असते.