उन्हात न वितळणारी जेली

मैत्रिणींनो, चैत्रातल्या हळदीकुंकवाला आंबाडाळ-पन्ह्याबरोबर कुणाकडे लाल जेलीतली फळं असली, की पोरं तिथून हलायची नाहीत. पण आपल्या धाराशिवच्या उन्हात जेलीचं वाटीतच पाणी व्हायचं. दोष करणारणीचा नव्हता. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून बनतं आणि ३५ अंशांच्या आतच वितळतं. (आमच्या माळकरी आत्याबाईंना हे ठाऊक असतं तर!)

चायनाग्रास समुद्री शेवाळापासून होतं, एकदा गोठलं की आपल्या उन्हाला दाद देत नाही. १० ग्रॅम पट्ट्या भिजवा, लिटरभर पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, साखर घाला आणि गरम असतानाच ताटातल्या द्राक्षं-चिकूच्या फोडींवर ओता. फ्रीज नसला तर ताट माठातल्या पाण्याच्या परातीत ठेवा. ताजा अननस जिलेटिनला गोठू देत नाही, इथं तोही चालतो. फोडी तेवढ्या पुसून घाला, नाहीतर पाणी सुटतं.