इंचभर सैनिकाचा गणवेश कोणी ठरवायचा?

टेबलावर मांडून खेळायची लढाई हा खेळ आपल्या वस्त्यांत फारसा माहीत नाही. इंग्लंड-अमेरिकेत मात्र मोठी माणसेही तो वर्षानुवर्षे खेळतात. सुमारे २८ मिलिमीटर, म्हणजे इंचाहून किंचित उंच अशा प्लॅस्टिकच्या वा धातूच्या सैनिकांच्या दोन सेना समोरासमोर मांडायच्या, पट्टीने अंतर मोजून चाल करायची आणि फासे टाकून निकाल लावायचा. याचे मूळ प्रशियाच्या लष्करात आहे. तेथे राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली, नकाशावर लाल-निळे ठोकळे सरकवून युद्धाचा सराव करण्याचे नियम छापले. पुढे १९१३ साली इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ हे घरच्या खेळाच्या नियमांचे पुस्तक लिहिले. (खऱ्या युद्धापेक्षा हे खेळातले युद्ध कितीतरी बरे, असेच त्यांचे म्हणणे होते. ‘बौद्धाच्या घरात लढाईचा खेळ कशाला?’ असे विचारणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो.) आज सर्वांत गाजतो तो वॉरहॅमर. गेम्स वर्कशॉप या कंपनीने तो १९८३ साली बाजारात आणला.

या खेळातले सैनिक बहुधा बिनरंगाचे मिळतात. ते रंगवणे हाच निम्मा खेळ. डब्यावर रंगीत चित्र असते, पुस्तकात पथकांची नावे आणि रंग दिलेले असतात. अल्ट्रामरिन्स निळे, ब्लड एंजल्स लाल. पुष्कळ जण तेच गिरवतात. परंतु तसे बंधन नाही. स्वतःचे पथक कल्पावे, त्याला स्वतःचा रंग द्यावा, अशी पूर्ण मोकळीक आहे. इतिहासातली लढाई मांडायची तर गोष्ट वेगळी. कोरेगावची १ जानेवारी १८१८ ची लढाई मांडणाऱ्याला मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या शिपायांच्या अंगावर लाल कोटच दाखवावा लागेल. तेथे आपली आवड चालत नाही, पुरावा चालतो. कल्पनेतल्या सेनेचे मात्र सगळे आपणच ठरवायचे, आणि तेच अवघड जाते.

आमच्या अभ्यासिकेत येणाऱ्या चार मुलांनी हा उद्योग केला. परदेशी डबा कामगाराच्या घराला परवडणारा नाही. त्यांनी खेळण्यांच्या दुकानातून प्लॅस्टिकच्या दीड-दोन इंची हिरव्या सैनिकांची पाकिटे आणली. रंग निवडा म्हटल्यावर चौघांनीही निळाच निवडला! आपल्या घरांत दुसरे काय होणार? पण चार निळ्या सेना टेबलावर आल्या तर कोण कोणाचा, हे कसे ओळखायचे? एकाने उपाय काढला, की प्रत्येक सैनिकावर पंचरंगी ध्वजाचे पाचही रंग द्यायचे. एक सैनिक रंगवून पाहिला. हातभर अंतरावरून तो नुसता चितारलेल्या लाडवासारखा दिसला. तेव्हा पाच रंग ध्वजापुरते राहिले.

तीन रंगांचा हिशेब बरा पडतो. एक मुख्य, अंगावरचा बराचसा भाग व्यापणारा. दुसरा त्याच्या निम्म्याने. तिसरा अगदी थोडा, टोपीवरची पट्टी किंवा बंदुकीचा पट्टा एवढाच. पण तो उठून दिसला पाहिजे. गडद रंग एवढ्याशा अंगावर काळाच वाटतो, म्हणून मनातल्या रंगापेक्षा एक छटा उजळ घ्यावी. आणि कागदावर ठरवून थांबू नये. तीन सैनिक तीन तऱ्हांनी रंगवावेत, टेबलावर ठेवावेत आणि दोन पावले मागे जाऊन पाहावेत.

चौघांतली एक मुलगी नववीत आहे. तिचे वडील रेल्वेत गँगमन. तिने निळा सोडला आणि मुख्य रंग घेतला गंजलेल्या रुळाचा तपकिरी, दुसरा खडीचा करडा आणि तिसरा वडिलांच्या जाकिटाचा भगभगीत नारिंगी. हे कुठल्या डब्यावर नव्हते. मला विचाराल तर चारांत तिचीच सेना लांबून ओळखू येते.

आता प्रत्यक्ष काम. अशा मऊ प्लॅस्टिकवर रंग धरत नाही. आधी साबणाच्या पाण्याने तेलकटपणा धुवावा, वाळल्यावर पाणी घातलेल्या फेविकॉलचा पातळ हात द्यावा, मग करड्या रंगाचे अस्तर. पोस्टर कलर ओल्या बोटाने निघतो, म्हणून अॅक्रिलिकच घ्यावा. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत; जाड रंगात नाक-डोळे बुजतात. रंग वाळला की गडद तपकिरी रंगाचे खूप पातळ पाणी वरून सोडावे. ते कपड्यांच्या चुण्यांत उतरते आणि सावली आपोआप पडते. शेवटी ब्रशवर उजळ रंग घेऊन तो फडक्याला जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि सैनिकावरून हलकेच फिरवावा. नुसत्या कडा उजळतात. एकेक सैनिक पुरा करत बसू नये. दहांचे बूट, मग दहांचे पट्टे, असे केले की वेळही वाचतो आणि सेना एकसारखी दिसते.

आम्हा कारकुनांना न सांगता कळणारी गोष्ट म्हणजे वही. दोन थेंब तपकिरी, एक थेंब लाल, हे मिश्रण ज्या दिवशी जमले त्याच दिवशी लिहून ठेवावे. विसाव्या सैनिकाला रंग संपतो आणि नवा पहिल्यासारखा होत नाही.

राहिला चेहरा. येथे डब्यावरचे चित्र फसवते. गेम्स वर्कशॉपच्या जुन्या बाटल्यांवर ‘एल्फ फ्लेश’, ‘ड्वार्फ फ्लेश’ अशी नावे असत, आणि ‘फ्लेश’ म्हणजे गोऱ्याची कातडी असेच गृहीत होते. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने आपल्या खडूचे ‘फ्लेश’ हे नाव १९६२ सालीच बदलून ‘पीच’ केले. आपली मुले अजूनही त्या फिक्या गुलाबी खडूला ‘स्किन कलर’ म्हणतात, आणि स्वतःच्या आईचे चित्रही त्यानेच रंगवतात. आमच्या चौघांनीही पहिले सैनिक तसेच गुलाबी केले होते. त्या मुलीने आपला हात सैनिकाशेजारी ठेवला आणि म्हणाली, “दादा, हे कोण आहेत?”

मग बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर मिसळले. सावळा रंग उजळायला पांढरा घालू नये, चेहरा राख फासल्यासारखा होतो. ऑकर किंवा थोडा नारिंगी घालावा. सावलीला तपकिरीत निळ्याचा एक थेंब. सर्वांना एकच छटाही नको. तिने तीन छटा केल्या आणि वहीत त्यांच्यापुढे लिहिले: ‘बाबा’, ‘आई’, ‘मी’. वीसपैकी बारा सैनिक रंगवून झाले आहेत. नारिंगी संपत आला आहे.