उकरून बघू द्या की!

शाळेच्या परसबागेत पहिलीतलं मूल काल पेरलेलं बी आज उकरून बघतं, आणि गुरुजी ओरडतात. त्यापेक्षा दुप्पट बी पेरावं: निम्मं उगवायला, निम्मं उकरायला. घेवडा आपल्या दोन डाळिंब्या घेऊन मातीवर येतो, मका मात्र दाणा खालीच ठेवून कोंब वर पाठवतो. हा फरक उकरल्याशिवाय दिसत नाही.

गांधीजींनी 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह धरला. केंद्र सरकारने 2019 मध्ये शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तरी अनेक ठिकाणी तपासणी जवळ आली की नर्सरीतून रोपं येतात, पाणी शिपाई घालतो आणि मुलं फोटोपुरती उभी राहतात. अशी बाग नसली तरी चालेल.

लहान बोटांना मोठं बी द्यावं. घेवडा, मका, भोपळा, भेंडी चिमटीत नीट येतात. गाजराचं बी निम्मं वाऱ्यावर जातं. वेळापत्रकही पिकाचंच हवं. शाळा भरते तेव्हा पाऊस सुरू होतो आणि झडीत मेथी सडते. म्हणून जून-जुलैत भेंडी, गवार, दोडका, भोपळा. भेंडी दीड-दोन महिन्यांत तोडायला येते. मेथी आणि मुळा दिवाळीच्या सुट्टीनंतर पेरावेत, म्हणजे सुट्टीत पाणी कोणी घालायचं हा वाद नको. मेथी महिनाभरात खिचडीत पडते. मूठभर भाजीने पोषणाचा प्रश्न सुटत नाही, हेही खरं. पण आपण पेरलेलं ताटात आलं की मुलं ते शोधून खातात.

सगळ्यात रंगतदार तास भोपळ्याचा. मादी फुलाखाली इवलासा भोपळा असतो, नर फुलाखाली नुसता देठ. नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि परागकण मादी फुलाला लावायचे. काही दिवसांत खालचं फळ फुगू लागलं, तर जमलं. फुलं सकाळीच उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, तेव्हा त्या दिवशी परिपाठ पाच मिनिटांत उरकावा, कोणी रागावणार नाही.

वाण देशी असेल तर दोन-चार भेंड्या झाडावरच वाळू द्याव्यात. संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी तसंच पीक देईल याचा भरवसा नसतो. वाळलेलं बी राखेत घोळवून डबीत भरावं आणि डबीवर नाव-तारीख दुसरीतल्या मुलांनीच लिहावी, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी.