परमुलूख चाळीस मैलांवरचा

दिवाळी उरकली की अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात कोप्या उभ्या राहतात. बांबूच्या कमानी, वर चटई नाहीतर ताडपत्री, वाकून आत शिरायचं. आत एक पेटी, पिठाचा डबा, कोपऱ्यात कोयते. अंबड तालुक्यातल्या या पट्ट्याला जायकवाडीचा डावा कालवा लाभला, म्हणून इथं ऊस आणि उसामागून कारखाना. कालवा जिथं पोचला नाही, तिथली जोडपी कोयता घेऊन घराबाहेर पडतात. जालना जिल्हा असा एकाच हंगामात मजूर बाहेर धाडतो आणि बाहेरचे मजूर आणतोही. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाच्या फजितीचे किस्से आपण चवीनं वाचतो. पण परमुलखात जायला विमानच लागतं असं नाही. आपला कागद जिथं चालत नाही आणि अडलं-नडलं तर विचारायला माणूस नाही, तो परमुलूख; मग तो गावापासून चाळीस मैलांवर का असेना.

रेशनचंच बघा. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही सोय ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि तेलंगण-आंध्र या दोन जोड्यांपासून सुरू झाली. गावचं धान्य कारखान्यावरच्या दुकानात मिळावं, हा हेतू चांगलाच. पण दुकानातल्या यंत्राला अंगठा लागतो, आणि महिनोन्‌महिने कोयता नि पाचट हाताळून घासलेला अंगठा पुष्कळदा उठतच नाही. उठला, तरी गावी राहिलेल्या म्हातारीनं त्या महिन्याचं सगळं धान्य उचललेलं असेल तर इथं शिल्लक शून्य. यात चोरी कुणाचीच नाही. घर दोन जागी वाटलं गेलं आणि कार्ड एकच राहिलं, एवढंच. त्यातून टोळी अंधारात फडावर जाते आणि गाडी भरून परतते तेव्हा दुकानाचं शटर खाली असतं. दुसऱ्या दिवशी थांबावं, तर तो खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी जातेच, वर मुकादमाच्या वहीत दंडही चढतो. आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जात असल्यानं लेकराचा ताप, दाताची कळ किंवा बँकेतलं केवायसी यांपैकी कशासाठीही एक जण थांबला की दोघांची मजुरी अडते. शहरात ज्याला आपण ‘किरकोळ’ म्हणतो, ते इथं किरकोळ राहत नाही ते यामुळे.

यावर कुणी म्हणेल, हा काय परदेश झाला? भाषा तीच, राज्य तेच. पण टोळी निपाणी-चिकोडीकडे गेली की बसची पाटी कानडी असते आणि दवाखान्यातला पहिला प्रश्नही कानडीत येतो. आणि भाषा तीच असली तरी अंगणवाडीच्या वहीत नाव नसलेलं मूल तिथं उपरंच ठरतं. उलट लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. तिथल्या नवख्याला वाण्याचं दुकान कुठं, डॉक्टर कोण, हे सांगणारं कुणीतरी भेटतं. इथं मुकादम भेटतो, आणि तो आधी सावकार असतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मजूर राजीखुशीनं जातात, पैसाही गावापेक्षा बरा मिळतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलंच की. खरं आहे. पण नोकरीसाठी परदेशी गेलेला माणूस आधी काम करतो, मग पगार घेतो. कोयता उचल आधी घेतो आणि मग ती फेडत बसतो. नाही पटलं म्हणून हंगामाच्या मध्यात बिऱ्हाड उचलून परत फिरण्याची सोय त्याला नाही. दर वाढला की उचल लवकर फिटेल. दुकान उघडं सापडेल असं नव्हे.

योजना नाहीत, असंही नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, गावी राहणाऱ्या मुलांसाठी वसतिगृहं आहेत. कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे १० रुपये घ्यायचे आणि तितकीच भर सरकारनं घालायची, असंही ठरलेलं आहे. या साऱ्याचा रोख मजुराच्या मूळ गावाकडे आहे, आणि तो तर सहा महिने गावी नसतोच. तेव्हा साखर आयुक्तांनी गाळप परवाना देताना एवढं जरूर विचारावं: कोप्यांच्या वस्तीसाठी रात्री आठपर्यंत उघडं राहणारं रेशन दुकान कोणतं, अंगणवाडी कोणती आणि अंगठा उठला नाही तर मजुरानं कुणाचं दार वाजवायचं?