रस्त्याखालून घराखाली: न खोदता मलवाहिनी दुरुस्तीची पन्नास वर्षं

१९७१ साली पूर्व लंडनच्या हॅकनी भागात एक मलवाहिनी दुरुस्तीला आली होती. विटांची, अंड्याच्या आकाराची, शंभरेक वर्षं जुनी. उंची चार फुटांहून थोडी कमी, रुंदी दोन फूट. तिचा सुमारे ७० मीटरचा टप्पा एरिक वूड या अभियंत्याने रस्ता न उकरता आतून नवा करून दाखवला. पॉलिस्टरच्या फेल्टची लांबलचक नळी रेझिनमध्ये भिजवायची, मॅनहोलमधून आत ओढायची, फुगवून जुन्या भिंतीला चिकटवायची आणि रेझिन कडक होईपर्यंत तशीच दाबून ठेवायची. रेझिन कडक झालं की जुन्या वाहिनीच्या पोटात एकही सांधा नसलेली नवी वाहिनी तयार होते. आतली जागा किंचित कमी होते, पण भिंत गुळगुळीत झाल्याने प्रवाह सहसा कमी होत नाही. वीस आणि तीस वर्षांनी हे अस्तर पुन्हा तपासलं गेलं, तेव्हाही ते शाबूत होतं.

त्यातलं ‘सांधा नसणं’ फार मोलाचं आहे. लंडनच्या लॅम्बेथमध्ये हेन्री डोल्टनने १८४६ पासून मिठाची झिलई दिलेले भाजक्या मातीचे नळ मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली आणि पुढची अनेक दशकं घरोघरचं सांडपाणी तशाच नळांतून वाहिलं. ही माती कुजत नाही, गंजत नाही. पण नळ आखूड असल्याने दर दोन-तीन फुटांवर सांधा येई, तो चुन्या-सिमेंटने बुजवलेला असे आणि जमीन जराशी खचली की तडकत असे. त्या फटीतून झाडाची मुळं शिरतात. त्याहून वाईट म्हणजे भोवतालची माती पावसागणिक नळात वाहून जाते आणि घराखाली पोकळी होते. जुन्या घराच्या भिंतीला कोपऱ्यातून तिरकी चीर गेली, तर तिचं कारण कधी कधी असं पायाशी पडलेलं असतं.

हॅकनीनंतरची वीस-पंचवीस वर्षं सुधारणांची होती. पायमोजा उलटा करावा तशी ओली नळी पाण्याच्या दाबाने उलटत आत ढकलायची आणि गरम पाणी फिरवून ती पक्की करायची, ही रीत रुळली. याच सुमारास ब्रिटनमध्ये बिडाच्या जुन्या गॅसवाहिन्या बदलण्यासाठी दुसरी पद्धत निघाली: जुना नळ आतून फोडत जायचं आणि त्याच वाटेने मागोमाग प्लास्टिकचा नवा नळ ओढायचा. पार कोसळलेल्या नळाला अस्तर लावता येत नाही, तिथे असं फोडणंच कामी येतं, निदान ओढायचा दोर पलीकडे काढता आला तर. मात्र जुनी भिंत हातभर अंतरावर असेल, तर फोडताना बसणारे हादरे आधी विचारात घ्यावे लागतात. वूडच्या पद्धतीचं अमेरिकी पेटंट १९७७ साली मिळालं आणि १९९४ मध्ये संपलं. त्यानंतर हे काम कोणालाही करता येऊ लागलं. कॅमेरे लहान झाले. अस्तराने झाकलेली घरांच्या नळांची तोंडं आतूनच कापून मोकळी करणारी यंत्रं आली. काचतंतूंचं अस्तर अतिनील दिव्यांनी पक्कं करण्याची रीतही आली.

तरीही घराखालचे शेवटचे काही मीटर सगळ्यात मागे राहिले. याचं तांत्रिक कारण आहेच: चार-सहा इंचांचा नळ, त्यात दोन-तीन वळणं, कामाला तोंड एकच. पण तेवढ्याने या उशिराचा उलगडा होत नाही. माझ्या मते खरा अडसर मालकीचा होता. रस्त्याखालच्या वाहिनीला एक धनी असतो, त्याच्याकडे अंदाजपत्रक असतं. पाच घरांच्या परसातून जाणाऱ्या सामाईक नळाला पाच धनी, म्हणजे कोणीच नाही. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर १९३७ नंतर बांधलेले असे बहुतेक सामाईक नळ रहिवाशांच्याच माथी होते. १ ऑक्टोबर २०११ रोजी इंग्लंड आणि वेल्समधले हे खासगी नळ कायद्याने पाणी कंपन्यांकडे गेले. हॅकनीपासून चाळीस वर्षांनी! शेजाऱ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवण्याचं कारण त्यामुळे बऱ्याच अंशी संपलं. मला ही तारीख पेटंटइतकीच महत्त्वाची वाटते.

याच काळात एक इशाराही मिळाला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी वाफेने अस्तर पक्कं करताना बाहेर पडणारे ढग तपासले. ती नुसती वाफ नव्हती. स्टायरीन आणि इतर अपायकारक रसायनं तिच्यात होती. दाट वस्तीत याचा अर्थ सरळ आहे. न्हाणीतल्या ट्रॅपमध्ये पाणी नसेल, तर ती हवा नळातून थेट घरात येते. आधी घरोघर सांगणं, ट्रॅप भरून घेणं, कामगारांना योग्य साधनं देणं हा कामाचाच भाग आहे. तो टाळून स्वस्तात काम उरकणारा ठेकेदार वस्तीचं नुकसान करतो.

मुंबईतही रस्त्याखालच्या जुन्या विटांच्या वाहिन्यांना आतून अस्तर देण्याची कामं झाली आहेत. पण गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वरच्या चाळींमागची घरगल्ली पाहावी. दोन इमारतींमधली काही फुटांची फट, भिंतींवरून उतरणारे नळ, खाली जुनाट चेंबर. तिथे चर खणायचा म्हणजे भार पेलणाऱ्या भिंतीच्या पायाशीच पहार लावायची. न खोदता होणाऱ्या कामाची सर्वाधिक गरज इथेच आहे, आणि मालकीचा गुंताही इथलाच सर्वात घट्ट. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली आणि मालकांचा दुरुस्तीतला रस संपला. १९६९ च्या कायद्याने अशा इमारतींच्या दुरुस्तीसाठी उपकर आणि दुरुस्ती मंडळ आलं. तरीही गटार चोकअप झालं की आजही बांबूच्या खपच्या आणि त्या धरणारा माणूस शोधला जातो. २०१३ च्या कायद्याने त्या माणसाला संरक्षणाच्या साधनांविना गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात गुदमरून मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यायला सांगितलं आणि २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली.

अस्तर लावलेला नळही साफ करावा लागतो. पण त्यात मुळं शिरत नाहीत, माती साचत नाही आणि पाण्याचा जोरदार फवारा त्याला पुरतो. अस्तराने नळाचा ढाळ मात्र सुधारत नाही. जिथे नळ मध्येच बसला आहे तिथे तेवढाच भाग खणावा लागतो. म्हणून आधी कॅमेरा, मग निर्णय. उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास वर्षानुवर्षं रखडतो आणि रहिवासी त्याच नळांवर दिवस काढतात. दुरुस्ती मंडळाने इमारतीला टेकू आणि गिलावा देण्याआधी घरगल्लीतल्या नळात कॅमेरा घालावा, त्याचं चित्रण रहिवाशांना दाखवावं आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींचं काम एकाच ठेक्यात घ्यावं.