फोडणीचा भात आणि ओट्यावरची रात्र

रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायचा, ही आपल्याकडची लाडकी न्याहारी. तिच्यात वाईट काही नाही. वाईट असतं ते भाताचं रात्रभर ओट्यावर राहणं. तांदळात ‘बॅसिलस सिरियस’ या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि भात शिजतानाही ते तग धरतात. भात कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात, विष तयार करतात. उलट्या करवणारं हे विष फोडणीच्या कढईतही नष्ट होत नाही. वास येईलच असंही नाही, त्यामुळे हुंगून पाहण्यावर भिस्त नको. जेवणं आटोपली की भात पसरट डब्यात मोकळा करून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. खोल पातेल्यात मधला गोळा बराच वेळ कोमट राहतो. फ्रिजमधला भात दुसऱ्या दिवशी दणदणीत वाफ येईपर्यंत खुशाल परतावा.